मुनीमजींच्या पीसीवर पुट्टी कशी लावायची

माझ्याकडे नागपुरात इतवारीच्या धान्यबाजारातले आणि कळमना मार्केट यार्डातले जे अडते आहेत, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा हिशेब अजून काळ्या पडद्यावर चालतो. दुकानाच्या माळ्यावर एक लिनक्स सर्व्हर, त्यावर नुसत्या अक्षरांचा जुना प्रोग्राम, आणि गादीवर विंडोजचे दोन-चार पीसी. आवक, काटापट्टी, हमाली, तोलाई, अडत, शेतकऱ्याची पट्टी, सगळं तिथेच. माऊस लागत नाही. मुनीमजींची बोटं कीबोर्डकडे न बघता चालतात. हा प्रोग्राम बदला असं मी कोणाला सांगत नाही. तो चांगला चालतो.

पण पीसीवरून त्या सर्व्हरपर्यंत नेणारं जे सॉफ्टवेअर आहे, म्हणजे टर्मिनल एम्युलेटर, ते बहुतेक ठिकाणी अर्धवट लावलेलं सापडतं. लॉगिन झालं की लावणारा निघून जातो. मग एफ-२ चालत नाही, चौकटीच्या रेघांच्या जागी कचरा दिसतो, जेवून आलं की लाइन तुटलेली असते, आणि बिचाऱ्या मुनीमजींना वाटतं की आपल्याच हातून काही बिघडलं. माझ्या मते, जो माणूस दिवसभर त्या पडद्यापुढे बसणार आहे त्याच्या हाताला आणि डोळ्याला सगळं जुळेपर्यंत हे काम झालं असं म्हणूच नये. तेवढं कसं जुळवायचं ते इथे सांगते. उदाहरण पुट्टी नावाच्या एम्युलेटरचं घेतलंय, कारण आमच्याकडे तीच सगळीकडे आहे. दुसरं काही वापरत असाल तर त्यातही याच गोष्टी थोड्या वेगळ्या नावाने सापडतील.

पुट्टी कुठून घ्यायची

पुट्टी हे सायमन टॅथम यांचं सॉफ्टवेअर. १९९९ पासून ते फुकट मिळतं आणि त्याचा कोडही खुला आहे. म्हणून कोणी तिचे पैसे मागत असेल किंवा सोबत भलतंच काही टाकायला सांगत असेल, तर ती जागा चुकीची. शोधताना वर ज्या जाहिराती येतात त्यांच्यातून बनावट पुट्टी वाटल्याचे प्रकार झालेले आहेत, आणि बनावट पुट्टीत तुम्ही आपल्या हाताने सर्व्हरचा पासवर्ड भरता. चियार्क डॉट ग्रीनएंड डॉट ऑर्ग डॉट यूके ही टॅथम यांची मूळ जागा; नाहीतर मायक्रोसॉफ्ट स्टोअर.

आधीपासून पुट्टी असेल तर ती उघडून खाली डावीकडचं अबाउट बटण दाबा आणि आवृत्ती बघा. ०.८१ च्या आधीची असेल तर काढून नवी टाका. ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांत एका प्रकारच्या किल्लीच्या (पासवर्डऐवजी लॉगिनला वापरतात त्या फाइलच्या) सह्यांमध्ये दोष होता. पी-५२१ प्रकारची ती किल्ली असेल, तर जमवलेल्या सह्यांवरून मूळ खासगी किल्ली शोधून काढता येत होती. एप्रिल २०२४ मध्ये तो दुरुस्त झाला. तशी किल्ली वापरात असेल तर नुसती पुट्टी बदलून भागत नाही, किल्लीही रद्द करून नवी करावी लागते.

पत्ता, पोर्ट आणि सेव्हचं बटण

पुट्टी उघडली की सेशनचं पान समोर येतं. होस्ट नेमच्या रकान्यात सर्व्हरचा आयपी पत्ता टाकायचा, समजा १९२.१६८.१.१०. त्याआधी राउटरमध्ये जाऊन हा पत्ता सर्व्हरसाठी कायमचा राखून ठेवा. नाहीतर एखाद्या दिवशी वीज जाऊन येते, राउटर पत्ते नव्याने वाटतो, आणि सर्व्हरचा पत्ता एखाद्याच्या मोबाइलला जाऊन बसतो.

कनेक्शन टाइपमध्ये एसएसएच निवडा, म्हणजे सगळं कुलूपबंद करून नेणारी पद्धत. पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या त्या सेवेच्या दाराचा क्रमांक, आपोआप २२ होतो. जुन्या दुकानांत इथे टेलनेट ही जुनी पद्धत आणि २३ दिसेल. टेलनेटचा १९८३ चा नियमदस्तऐवज आजही तसाच लागू आहे, पण त्यात पासवर्डसकट प्रत्येक अक्षर तारेवरून उघडं जातं. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर असेच उघडे पासवर्ड चोरले गेले, म्हणून तिथल्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३, यांच्या मधला २२ मोकळा होता, तो त्यांनी मागून घेतला. “आपल्या दुकानात कोण तार ऐकून राहिलं ताई?” असं मला विचारतात. दुकानाचं वायफाय आता ट्रकवाल्यापासून ग्राहकापर्यंत सगळ्यांना दिलेलं असतं. एवढं कारण मला पुरतं.

सर्व्हर फार जुना असेल तर एसएसएच निवडल्यावर पुट्टी सांगते की सर्व्हरची की-एक्स्चेंज पद्धत (जोडताना कुलपाची किल्ली ठरवायची रीत) तिने ठरवलेल्या इशाऱ्याच्या पातळीखाली आहे, पुढे जायचं का? दुकानाच्या आतल्या जाळ्यात तात्पुरतं हो म्हणता येईल. पण सर्व्हर अपग्रेड करायची वेळ झालीय, हाच त्या प्रश्नाचा अर्थ. एसएसएचच्या खाली केईएक्सच्या पानावर जाऊन जुनी पद्धत यादीत वर सरकवली की इशारा गप्प होतो, आणि काही जण तसं करतात. मी करत नाही. इशारा दिसत राहिला तर मालकाला त्याची आठवण राहते.

आता पुट्टीची एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ती आपणहून काहीच सेव्ह करत नाही. डावीकडे झाडासारख्या यादीत कितीही पानं फिरून बदल केले, तरी शेवटी परत सेशनच्या पानावर येऊन सेव्ह दाबलं नाही तर खिडकी बंद होताच सगळं जातं. म्हणून क्रम असा: सेव्ह्ड सेशन्सच्या रकान्यात नाव लिहा, सेव्ह करा. पुढे बदल करायचा झाला की यादीतल्या त्या नावावर एकदा क्लिक, मग लोड, मग बदल, मग पुन्हा सेशनचं पान आणि सेव्ह. लोड न करता थेट बदल केले तर तुम्ही रिकाम्या पाटीवर लिहिता आहात, आणि सेव्ह दाबल्यावर आधीचं चांगलं सेशन पुसलं जातं.

नाव ‘सर्व्हर१’ असं ठेवू नका. ‘अडत हिशेब’, ‘गोदाम’, असं मुनीमजी बोलतात तेच नाव द्या. फोनवर “‘अडत हिशेब’ उघडा” असं म्हटलं की कोणालाही कळतं.

पहिल्यांदा जोडताना येणारा प्रश्न

ओपन दाबल्यावर सगळ्यात आधी एक खिडकी येते. तिच्यात लिहिलेलं असतं की या सर्व्हरची होस्ट की, म्हणजे त्याची ओळख पटवणारी किल्ली, माझ्याकडे नोंदलेली नाही, तिचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची छोटी खूण, असा असा आहे. खाली ॲक्सेप्ट, कनेक्ट वन्स आणि कॅन्सल. जुन्या आवृत्तीत येस, नो आणि कॅन्सल.

ही खिडकी न वाचता ॲक्सेप्ट दाबायची सवय सगळ्यांना आहे. पण एसएसएच पुढे कितीही घट्ट कुलूप लावत असलं, तरी समोर आपलाच सर्व्हर आहे की मधे बसलेलं दुसरंच यंत्र आहे, हे ठरवायची संधी माणसाला इथेच मिळते. ती कशी वापरायची ते सांगते. सर्व्हरच्या स्वतःच्या स्क्रीनवर बसा. तिथे एसएसएच-कीजेन ही कमांड एल आणि एफ हे दोन पर्याय देऊन चालवा, आणि पुढे इटीसीखालच्या एसएसएच फोल्डरमधल्या होस्टच्या ईडी२५५१९ पब्लिक किल्लीच्या फाइलचं नाव द्या. एक ओळ उमटते, तिच्यात एसएचए२५६ ने सुरू होणारी अक्षरांची माळ असते. ती कागदावर उतरवून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. मग पीसीवर येऊन खिडकीतल्या माळेशी ताडून बघा. सगळी जुळली तरच ॲक्सेप्ट. सर्व्हर लावतानाच तो फिंगरप्रिंट मी छापून त्याच्या डब्याच्या आत चिकटवते, म्हणजे पुढच्या वेळी माळ्यावर कीबोर्ड-स्क्रीन न्यावी लागत नाही.

एकदा नोंद झाली की हा प्रश्न परत येत नाही. आणि आलाच, तोही ‘वॉर्निंग, पोटेन्शियल सिक्युरिटी ब्रीच’ अशा मथळ्याने, तर मुनीमजींनी काय करायचं हे मी त्यांच्या वहीतच लिहून देते: कॅन्सल दाबायचं आणि मला फोन करायचा. बहुतेक वेळा सर्व्हरवर लिनक्स नव्याने टाकलेलं असतं किंवा तोच आयपी दुसऱ्या यंत्राला गेलेला असतो. पण ते मी बघून ठरवायचं. बाजार चालू असताना, हमाल समोर उभा असताना मुनीमजींनी नाही.

जोडलंच गेलं नाही तर

तीन संदेश ओळखता आले पाहिजेत. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे यंत्र सापडलं, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. सर्व्हरवरची एसएसएच सेवा बंद आहे किंवा पोर्ट चुकला. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तरच आलं नाही. पत्ता चुकलाय, तार निघालीय, फायरवॉल अडवतंय किंवा स्विच बसलाय. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून तापतं, तेव्हा हा संदेश दिसला की मी पुट्टीला हात न लावता आधी स्विचवर हात ठेवून बघते. तिसरा, ‘सॉफ्टवेअर कॉज्ड कनेक्शन अबॉर्ट’, चालू काम मधेच तुटल्यावर येतो.

मधेच तुटण्याचं एक कारण सगळ्यात नेहमीचं. इतवारीतल्या दुकानातून कळमन्याच्या गाळ्यावरचा सर्व्हर बघायचा असेल तर मधे दोन राउटर येतात. थोडा वेळ एकही अक्षर गेलं-आलं नाही की मधला एखादा राउटर ती जोडणी विसरून जातो. पुट्टीत कनेक्शनच्या पानावर ‘सेकंड्स बिटवीन कीपअलाइव्ह्ज’ असा रकाना आहे, तिथे मुळात ० असतो, म्हणजे बंद. तिथे ६० लिहा. दर मिनिटाला पुट्टी एक रिकामा निरोप पाठवते आणि राउटरला जोडणी जिवंत दिसते. ६० ने भागलं नाही तर ३०.

पण सरसकट सगळीकडे हे लावू नका. लाइन खरोखरच अधूनमधून पडत असेल तर कीपअलाइव्हमुळे उलट त्रास वाढतो. काही न पाठवता शांत बसलेलं सेशन दोन मिनिटांची पडझड निभावून नेऊ शकतं. दर मिनिटाला हाक मारणाऱ्या सेशनला उत्तर मिळत नाही आणि ते तुटतं. अशा ठिकाणी सर्व्हरवर टीमक्स किंवा स्क्रीन यांपैकी एक प्रोग्राम लावून प्रोग्राम त्याच्या आत चालवायचा. लाइन गेली तरी प्रोग्राम तिकडे चालू राहतो, परत लॉगिन केलं की अर्धी भरलेली पट्टी जशीच्या तशी समोर येते.

कीबोर्ड आणि पडदा

आता जिथे सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा, तिथे येऊ. जुन्या प्रोग्रामचा जीव फंक्शन-कीमध्ये असतो. एफ-२ नवी पट्टी, एफ-३ खातं शोधा, एफ-१० जतन करा. “ताई, एफ-टू दाबलं तं काहीच होऊन नाही राहिलं, नुसता टिल्डाचा डोंगर येते,” असं एका मुनीमजींनी फोनवर सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्यात सगळं निदान होतं. कळ जात होती. प्रोग्रामला ती ओळखता येत नव्हती.

एफ-२ दाबलं की पुट्टी सर्व्हरला ‘एफ-२’ असं काही पाठवत नाही. एस्केपने सुरू होणारी एक छोटी अक्षरमाला पाठवते. ती कोणती, हे टर्मिनलखालच्या कीबोर्डच्या पानावर ठरतं. तिथे ‘फंक्शन कीज अँड कीपॅड’मध्ये बरेच पर्याय आहेत: ईएससी-एन-टिल्डा, लिनक्स, एक्सटर्म आर६, व्हीटी४००, व्हीटी१००+, एससीओ. पहिल्यात एफ-२ म्हणजे एस्केप, चौकोनी कंस, १२, टिल्डा. लिनक्समध्ये एस्केप, दोन चौकोनी कंस आणि कॅपिटल बी. एक्सटर्म आर६ मध्ये एस्केप, कॅपिटल ओ, कॅपिटल क्यू. एससीओमध्ये एस्केप, चौकोनी कंस, कॅपिटल एन.

कोणता लावायचा हे अंदाजाने ठरवू नका. सर्व्हरवर शेलमध्ये, म्हणजे जिथे कमांड लिहितात तिथे या, कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एफ-२ दाबा. पुट्टी काय पाठवते ते पडद्यावर उमटतं. एस्केपच्या जागी टोपी (^) आणि चौकोनी कंस दिसेल. मग इन्फोकम्प ही कमांड चालवा आणि तिच्या यादीत केएफ२ शोधा. सर्व्हरची अपेक्षा काय आहे ते तिथे कळतं. दोन्ही जुळेपर्यंत पर्याय बदलत जा. प्रोग्राम एससीओ युनिक्सच्या काळातला असेल आणि त्याने स्वतःच्या फाइलमध्ये कळांची यादी बांधून ठेवली असेल तर इन्फोकम्पपेक्षा ती यादी खरी माना.

याच्याच जोडीला कनेक्शनखालच्या डेटाच्या पानावर ‘टर्मिनल टाइप स्ट्रिंग’ आहे. तिथे मुळात एक्सटर्म लिहिलेलं असतं. मी कोणत्या प्रकारचा पडदा आहे, असं पुट्टी सर्व्हरला यातून सांगते. कीबोर्डवर लिनक्स निवडलं असेल तर इथेही लिनक्स लिहा. दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगितल्या की काही कळा चालतात, काही नाही, आणि तो घोळ शोधायला फार वेळ जातो.

बॅकस्पेसचंही असंच. दाबल्यावर अक्षर खोडलं जाण्याऐवजी टोपी आणि एच किंवा टोपी आणि प्रश्नचिन्ह उमटलं, तर त्याच कीबोर्डच्या पानावर वरचा पर्याय उलटा करा: कंट्रोल-एच असेल तर कंट्रोल-प्रश्नचिन्ह, आणि तसंच उलट.

आता रेघा. जुन्या प्रोग्रामने आखलेल्या दुहेरी चौकटीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं दिसली, तर विंडोखाली ट्रान्सलेशनचं पान उघडा. ‘रिमोट कॅरेक्टर सेट’मध्ये यूटीएफ-८ असेल. डॉसच्या काळातल्या प्रोग्रामना तिथे सीपी४३७ लागतं, आणि ते निवडून पडदा ताजा केला की चौकटी जागेवर येतात. प्रोग्राम यूटीएफ-८ मधलाच असेल आणि रेघांच्या जागी क्यू आणि एक्स अशी अक्षरं दिसत असतील, तर त्याच पानावर ‘यूटीएफ-८ मोडमध्येही व्हीटी१०० लाइन ड्रॉइंग’ असा एक चौकोन आहे, त्यात खूण करा. मराठीत नावं दिसावीत असा आग्रह मालक धरतात. पण टर्मिनलचा पडदा एकसारख्या घरांचा असतो आणि आपली जोडाक्षरं, वेलांट्या त्या घरांत नीट बसत नाहीत. हिशेबाच्या पडद्यावर नावं रोमनमध्येच ठेवा आणि मराठी पट्टी हवी असेल तर ती छपाईच्या वेगळ्या प्रोग्राममधून काढा.

अक्षराचा आकार. गादीवर बसणारे बहुतेक मुनीमजी साठीच्या पुढचे आहेत, आणि पुट्टीचं मूळचं अक्षर कुरिअर न्यू, १० आकाराचं. अपिअरन्सच्या पानावरून कॉन्सोलास १६ किंवा १८ घ्या. त्यानंतर विंडोच्या मुख्य पानावर ‘व्हेन विंडो इज रीसाइज्ड’ या प्रश्नाला ‘चेंज द साइझ ऑफ द फॉन्ट’ हे उत्तर द्या. हे सेटिंग मला फार आवडतं. जुना प्रोग्राम ८० रकाने आणि २४ ओळींसाठी लिहिलेला आहे. मूळ सेटिंगमध्ये खिडकी मोठी केली की रकाने वाढतात आणि प्रोग्राम कोपऱ्यात बारीक अक्षरात पडून राहतो. हे केलं की रकाने ८० च राहतात, अक्षर मोठं होतं, आणि पूर्ण मॉनिटरभर पट्टी दिसते. चष्मा कपाळावर ठेवून मॉनिटरला नाक लावणारा माणूस पाठ टेकून बसतो.

निळं अक्षर काळ्यावर वाचता येत नाही ही तक्रारही रास्त आहे. कलर्सच्या पानावर ‘एएनएसआय ब्लू’ निवडून त्याचा रंग फिकट करा. आणि सरावासाठी वेगळी प्रत चालवत असाल तर त्या सेशनची पार्श्वभूमी गडद तांबडी करा. खऱ्या खात्यात सरावाची पट्टी पडली तर ती काढायला वार्षिक ताळेबंद येतो.

माऊसचं सांगायलाच हवं. पुट्टीत मुळात उजवं बटण दाबलं की क्लिपबोर्डवर जे असेल ते थेट चिकटतं. शेतकऱ्याचा खाते क्रमांक कॉपी केलेला, हात चुकून उजव्या बटणावर, आणि तो क्रमांक वजनाच्या रकान्यात. विंडोखालच्या सिलेक्शनच्या पानावर माऊस बटणांसाठी ‘विंडोज’ निवडा. मग उजव्या बटणाने आधी मेनू येतो.

आणि कंट्रोल-एस. एक्सेलची सवय असलेला मुलगा पट्टी जतन करायला कंट्रोल-एस दाबतो आणि पडदा गोठतो. मग तो पीसीच बंद करतो. टर्मिनलच्या जुन्या नियमात कंट्रोल-एस म्हणजे ‘थांब’ आणि कंट्रोल-क्यू म्हणजे ‘चालू दे’. कंट्रोल-क्यू दाबलं की सगळं पूर्ववत. कायमचा उपाय सर्व्हरवर आहे: लॉगिनच्या प्रोफाइल फाइलमध्ये एसटीटीवाय कमांडने आयएक्सऑन, म्हणजे हाच थांब-चालूचा नियम, बंद करून टाका. तोवर मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी लावा.

विंडोखालच्या बिहेव्हियरच्या पानावर ‘वॉर्न बिफोर क्लोजिंग विंडो’ ही खूण राहू द्या. खिडकी फुलीने बंद केली की प्रोग्राम मधेच मारला जातो आणि काही जुन्या प्रोग्राममध्ये ते खातं कुलूपबंद राहतं. दुसऱ्या पीसीवर मग “रेकॉर्ड इन यूज” दिसत बसतं.

काटापट्टी छापायची असेल तर

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर गादीवरच्या पीसीला जोडलेला आणि प्रोग्राम सर्व्हरवर, अशा वेळी जुने प्रोग्राम टर्मिनलमधूनच छापतात. ते एस्केप, चौकोनी कंस, ५, आय असा संकेत पाठवतात. त्यानंतर येणारं सगळं पडद्यावर न जाता प्रिंटरवर जातं, ४ आणि आयचा संकेत येईपर्यंत. पुट्टीला हे येतं, पण मुळात बंद असतं. टर्मिनलच्या पानावर सगळ्यात खाली ‘प्रिंटर टू सेंड एएनएसआय प्रिंटर आउटपुट टू’ आहे, तिथे प्रिंटरचं नाव निवडा. पुट्टी मजकूर जसाच्या तसा प्रिंटरला देते, म्हणून डॉट मॅट्रिक्सवर बारीक अक्षराचे, पान फाडण्याचे संकेत नीट चालतात. विंडोजकडूनच चित्र बनवून घेणाऱ्या स्वस्त लेझर प्रिंटरवर हे चालणार नाही.

किल्लीने लॉगिन

मुनीमजींना पासवर्ड राहू दे. दुकानाच्या आतल्या जाळ्यात, वेगवेगळ्या नावाने, तो चालतो. एकाच ‘अकाउंट’ नावाने सगळे बसतात तिथे मात्र मी हट्टाने वेगळी नावं करून देते, कारण पट्टी कोणी बदलली हे मालकाला कळलं पाहिजे. कनेक्शनखालच्या डेटाच्या पानावर ‘ऑटो-लॉगिन युजरनेम’मध्ये ज्याचं त्याचं नाव भरा. म्हणजे फक्त पासवर्ड टाकायचा.

सर्व्हर सांभाळणाऱ्याने स्वतः मात्र किल्लीच वापरावी. पुट्टीसोबत पुट्टीजेन येतं. त्यात ईडीडीएसए निवडा, जनरेट दाबा, रिकाम्या जागेवर माऊस फिरवत राहा. पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा स्वतःचा पासवर्ड, टाका, रिकामा सोडू नका. सेव्ह प्रायव्हेट कीने पीपीके फाइल जपून ठेवा. सर्व्हरवर द्यायची किल्ली मात्र ‘सेव्ह पब्लिक की’ने घेऊ नका, तिचं रूप ओपनएसएसएचला हवं तसं नसतं. खिडकीच्या वरच्या चौकटीत जी एकच लांब ओळ दिसते, ती पूर्ण कॉपी करून सर्व्हरवरच्या तुमच्या डॉट-एसएसएच फोल्डरमधल्या ऑथोराइज्ड कीज फाइलमध्ये एकाच ओळीत चिकटवा. फोल्डरला ७०० आणि फाइलला ६०० अशी परवानगी द्या. ‘सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की’ असा संदेश आला तर आधी या परवानग्या आणि ओळ मधेच तुटलीय का, ते बघा.

पुट्टीत पीपीकेची जागा कनेक्शन, एसएसएच, ऑथ आणि त्याखाली क्रेडेन्शियल्स या पानावर द्यायची. ०.७८ च्या आधी ती ऑथच्या पानावरच होती, म्हणून जुनी चित्रं बघून शोधणाऱ्यांना ती सापडत नाही.

घरून बघता यावं म्हणून दुकानाच्या राउटरवर २२ पोर्ट बाहेर उघडून ठेवलेला दिसला की मी तो पहिल्यांदा बंद करते. उघड्या पोर्टवर पासवर्ड आजमावणारे प्रोग्राम जगभरातून रात्रंदिवस फिरत असतात. राउटरमध्ये व्हीपीएन, म्हणजे बाहेरून दुकानाच्या जाळ्यात यायची कुलूपबंद वाट, लावा, आणि एसएसएच त्याच्या आतून.

डेस्कटॉपवर एक चिन्ह

सगळं जुळलं, सेव्ह झालं, की पुट्टीची यादी मुनीमजींना दाखवायची गरज नाही. डेस्कटॉपवर पुट्टीचा शॉर्टकट करा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटच्या ओळीत पुट्टी डॉट ईएक्सईनंतर एक जागा सोडा, आडवी रेघ आणि तिला लागून लोड हा शब्द लिहा, परत जागा, आणि दुहेरी अवतरणात सेशनचं नाव. शॉर्टकटला तेच नाव द्या. दोनदा क्लिक केलं की थेट पासवर्डचा प्रश्न. पासवर्डही याच ओळीत घालता येतो, पण घालू नका. शॉर्टकट उघडणाऱ्या प्रत्येकाला तो वाचता येतो.

पुट्टीची सेशन्स कोणत्या फाइलमध्ये नसतात, विंडोजच्या रजिस्ट्रीत असतात. रजिस्ट्री एडिटरमध्ये करंट युजर, सॉफ्टवेअर, सायमनटॅथम, पुट्टी अशा वाटेने गेलात की तिथे सेशन्स आणि होस्ट कीज दोन्ही दिसतील. पुट्टीच्या पातळीवर उजवं बटण दाबून एक्स्पोर्ट करा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. दुसऱ्या पीसीवर ती दोनदा क्लिक केली की कळा, रंग, अक्षर, सगळं तसंच येतं, ओळखलेल्या सर्व्हरच्या किल्ल्यांसकट. फक्त डेटाच्या पानावरचं लॉगिनचं नाव आणि टर्मिनलच्या पानावरचा प्रिंटर त्या त्या पीसीप्रमाणे बदलून परत सेव्ह करा. पीपीके फाइल मात्र त्या पेनड्राइव्हवर टाकू नका.